तीन जंगलं आणि 'म्हणून': भिंतीतक्त्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जून

नववीच्या वर्गाबरोबरचा भिंतीतक्ता आजपासून सुरू झाला. विषुववृत्ताजवळचं वर्षावन, समशीतोष्ण पट्ट्यातलं पानझडी जंगल आणि उत्तरेचं तैगा, म्हणजे थंड प्रदेशातलं सूचिपर्णी जंगल, या तीन बायोमची (विशिष्ट हवामान आणि त्यात जगणारे सजीव असलेल्या मोठ्या पट्ट्यांची) तुलना करायची आहे. हाताशी आठ-नऊ आठवडे आहेत.

पहिला कच्चा तक्ता मुलांनी एका तासात भरून आणला. स्थान, तापमान, पाऊस, झाडं, प्राणी असे पाच रकाने. एकही चौकट रिकामी नव्हती आणि चूक म्हणून बोट ठेवावं असंही फारसं काही नव्हतं. जॅग्वार, हरीण, रेनडिअर जिथल्या तिथे होते. तरी समाधान होईना. एका चौकटीवर तळहात ठेवला आणि विचारलं, "बाकीच्या चौकटी वाचून ही ओळखता येईल?" कुणालाच आली नाही. पंधरा गोष्टी शेजारीशेजारी मांडल्या होत्या, पण त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती.

म्हणून एक नियम केला. दोन चौकटींच्या मध्ये 'म्हणून' हा शब्द ठेवून वाक्य पूर्ण होत असेल, तरच त्या चौकटी तक्त्यावर राहतील. प्राण्यांचा रकाना तूर्त बाजूला ठेवला. दोघंतिघं हिरमुसली, पण पहिला 'म्हणून' सूर्यापासून सुरू करायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

२१ जून

टॉर्च, आलेखकागद, कोनमापक. टॉर्च सरळ धरली की किती चौकोन उजळतात ते मोजायचं, मग कागद कलता करून पुन्हा मोजायचं. पहिल्या फेरीचे आकडे जुळेनात, कारण टॉर्चचा झोत जाता जाता पसरतो. काळ्या कागदाची लांब नळी करून टॉर्चच्या तोंडाला लावली, झोत बराच आवरला. दुसऱ्या फेरीत सरळ झोताखाली २८ चौकोन आणि कागद ६० अंशांनी कलवल्यावर ५९. गणिताप्रमाणे दुप्पट, म्हणजे ५६ यायला हवे होते. काठावरचे अर्धे चौकोन मोजताना एवढा फरक पडणारच.

६० अंश अक्षवृत्तावर संपातदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असतात त्या दिवशी, भर दुपारी हेच घडतं. तेवढाच प्रकाश दुप्पट जमिनीवर पसरतो, शिवाय त्याला वातावरणातून जवळजवळ दुप्पट वाट कापावी लागते. म्हणून तिथे ऊब कमी.

एवढ्यावर तास संपला असता, पण एका मुलीने विचारलं, "मग तिकडे झाडं उगवतातच कशी?" आजच्या तारखेला या प्रश्नाचं उत्तर पृथ्वीच देत होती. अक्ष सुमारे २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे आज ६० अंश उत्तरेला दिवस जवळजवळ १९ तासांचा आहे. डिसेंबरात तो सहा तासांचाही नसेल. तैगाला वर्षाचं बहुतेक काम या थोड्या आठवड्यांत उरकावं लागतं. वसंतात नवी पानं तयार करत बसायला तिथे वेळ नाही, म्हणून स्प्रूस आणि पाइन यांसारखी झाडं सुया वर्षानुवर्षं अंगावरच ठेवतात. ऊब येताच प्रकाशसंश्लेषण सुरू. कललेला अक्ष आणि सुईसारखं पान यांच्यात हा पहिला धागा बांधला गेला.

२६ जून

पाऊस. विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, वर जाऊन थंड होते, तिच्यातली वाफ पाणी होऊन कोसळते. कोरडी झालेली हवा उत्तर आणि दक्षिण दोन्ही बाजूंना सरकते आणि ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरणारी हवा तापते, ढग होऊ देत नाही, म्हणून जगातली कितीतरी मोठी वाळवंटं याच पट्ट्यात आहेत. या अभिसरणाला ज्याचं नाव मिळालं त्या जॉर्ज हॅडलीने १७३५ साली व्यापारी वाऱ्यांचं स्पष्टीकरण देताना ही कल्पना मांडली. ६० अंशांच्या आसपास हवा पुन्हा वर चढते.

इथे एकाने मला पकडलं. "सर, तिथे हवा पुन्हा वर चढते, मग तैगात वर्षावनाएवढा पाऊस का नाही?" उत्तर हवेच्या तापमानात आहे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. पिळायला पाणीच कमी. वर्षावनात वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तैगात साधारण ३०० ते ८५०. आणि एवढ्याशा पावसातही तैगाची जमीन जागोजागी दलदलीची असते, कारण बाष्पीभवन फार मंद असतं. पावसाचा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही, हे मुलांच्या लक्षात आलं याचा मला मनापासून आनंद झाला. त्या रकान्याचं नाव बदललं. आता तो 'आलेलं पाणी, उडून गेलेलं पाणी' असा आहे.

५ जुलै

छोटी नोंद. या आठवड्यात पृथ्वी अपसूर्य स्थितीत आहे, सूर्यापासून सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर. जानेवारीच्या सुरुवातीला ती सुमारे १४ कोटी ७० लाखांवर होती. उत्तर गोलार्धात उन्हाळा आहे आणि पृथ्वी सर्वांत दूर! 'सूर्य जवळ आला की उन्हाळा' असं लिहिणाऱ्या चौघांनी आपापल्या वहीत ते खोडून अक्षाचं चित्र काढलं. मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त दोन आकडे फळ्यावर लिहिले होते.

९ जुलै

बरण्या मांडल्या. चार सारख्या बरण्या, एकाच ढिगातली ओलसर माती, प्रत्येकीत सुती कापडाचा सारख्या मापाचा तुकडा पुरलेला. एक उबदार खिडकीशी, दुसरी वर्गातल्या थंड कोपऱ्यात, तिसरी फ्रिजमध्ये. चौथीतली माती पूर्ण वाळवून घेतली आणि ती बरणी पहिलीशेजारी ठेवली, म्हणजे ऊब आहे पण पाणी नाही अशी अवस्था मिळेल.

झाडाच्या वाळक्या पानात आणि सुती कापडात एक मोठा घटक सारखा असतो, तो म्हणजे सेल्युलोज. कापड किती खाल्लं गेलं यावरून मातीतले जिवाणू आणि बुरशी किती कामात आहेत ते कळतं. दर तीन दिवसांनी बरणी तोलायची आणि वजन घटलं असेल तेवढंच पाणी घालायचं. मागे एकदा हा प्रयोग केला तेव्हा उबेतली माती वाळून गेली होती आणि निष्कर्ष उलटाच निघाला होता. या वेळी वजनाची वही फळ्याशेजारी टांगली आहे.

१३ जुलै

प्रकल्प आज वळला.

वर्षावनाचा गट लिहीत होता, 'घनदाट झाडी, म्हणून माती अत्यंत सुपीक.' आमच्याच नियमाने जोडलेलं वाक्य, आणि चूक. मी ते खोडलं नाही. विचारलं, "तिथे पाऊस किती? आणि किती वर्षं पडतोय?"

अॅमेझॉनच्या खोऱ्याच्या उत्तरेला गियाना आणि दक्षिणेला ब्राझील, असे दोन प्राचीन खडकांचे प्रदेश आहेत. त्यांतले बरेच खडक अब्जावधी वर्षं जुने आहेत. ऊब आणि पाणी दोन्ही भरपूर असली की रासायनिक विदारण, म्हणजे खडकाचं झिजणं आणि विरघळणं, वेगाने होतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पाण्यात विरघळून नद्यांवाटे समुद्रात जातात. मागे राहतात ती सहजी न विरघळणारी लोह आणि अॅल्युमिनियमची ऑक्साइडं. त्या लोहामुळेच ही माती लाल-पिवळी दिसते. फॉस्फरस थोडाफार उरतो, पण तो या ऑक्साइडांना इतका घट्ट चिकटतो की मुळांच्या हाती लागत नाही.

"मग जंगल जगतं कशावर?"

स्वतःवरच. पडलेलं पान तिथे काही महिन्यांत कुजतं आणि त्यातून सुटलेली खनिजं वाहून जायच्या आत मुळं आणि त्यांच्याशी जोडलेल्या बुरशीचे धागे ती उचलून घेतात. म्हणून बहुतेक मुळं मातीच्या अगदी वरच्या थरात जाळ्यासारखी पसरलेली असतात. संपत्ती सतत हातातून हातात फिरते, जमिनीत ती साठत नाही. जंगल तोडून जाळलं की राखेवर काही हंगाम पीक येतं आणि मग जमीन थकते, त्याचं कारण हेच.

एक दुरुस्ती मात्र तक्त्यावर हवीच. उष्ण कटिबंधातली सगळीच माती अशी नसते. जावा बेटावर ज्वालामुखींच्या ताज्या राखेमुळे माती सुपीक आहे. अँडीज पर्वतातून गाळ घेऊन येणाऱ्या नद्यांच्या पूरमैदानांतही ती सुपीक असते. हवामान तेच आणि माती वेगळी, कारण खडकाचं वय वेगळं.

तास संपल्यावर मी जुना आराखडा बाजूला ठेवला. तक्त्याच्या मधोमध आता एकच प्रश्न असेल: साठा कुठे आहे?

१७ जुलै

फॉस्फरस वाहून जातो, खडकातून नवा फारसा मिळत नाही, तर लाखो वर्षांत तो संपायला हवा होता. हा हिशेब दोन मुलांनी स्वतःहून मांडला. बक्षीस म्हणून त्यांना बोडेलेची गोष्ट सांगितली.

आफ्रिकेत चाड देशात बोडेले नावाचा खोलगट भाग आहे. काही हजार वर्षांपूर्वी तिथे प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि तळाशी डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचे सांगाडे उरले. तिथला वारा ही भुकटी उचलतो आणि ती अटलांटिक महासागर ओलांडून जाते. उपग्रहाच्या मोजमापांवरून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सहारातली सुमारे २ कोटी ७७ लाख टन धूळ दरवर्षी अॅमेझॉनच्या खोऱ्यावर उतरते. तिच्यात अंदाजे २२,००० टन फॉस्फरस असतो. पावसाने आणि पुराने तिथून जेवढा वाहून जातो, जवळपास तेवढाच.

जगातलं एक अतिकोरडं ठिकाण जगातल्या सर्वांत मोठ्या वर्षावनाला खत पुरवतं. वर्ग एकदम शांत झाला. नकाशावर चाडपासून अॅमेझॉनपर्यंत लाल दोरा ताणून लावला आहे. तक्त्याच्या चौकटीत तो मावत नाही, तसाच बाहेर राहू दे.

२३ जुलै

तैगाचा गट. त्यांचं काम उलट्या टोकाने सुरू झालं: तिथली माती वयाने लहान आहे. कॅनडा आणि स्कँडिनेव्हियातल्या तैगाची बरीचशी जमीन शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या जाड थराखाली होती. बर्फ हटून साधारण दहा हजार वर्षं झाली. खडक नुकताच खरवडलेला, विदारण मंद. वरून पडणाऱ्या सुया मेणचट आणि आम्लधर्मी. त्या कुजायला इतका वेळ घेतात की जमिनीवर त्यांची गादी तयार होते. तिच्यातून झिरपणारं आम्लयुक्त पाणी वरच्या थरातलं लोह खाली नेतं आणि मधला थर राखाडी, राखेसारखा दिसतो. या मातीचं नावच रशियन शब्दांवरून पडलंय, पॉडझॉल, म्हणजे 'खाली राख'. हवामान, सजीव, उठाव, मूळ खडक आणि काळ या सगळ्यांच्या मेळातून माती घडते, ही मांडणी रशियातल्या वासिली डोकुचाएव यांची. त्यांचा रशियातल्या काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ सालचा. आमच्या तक्त्याचा पाया खरं तर तोच आहे.

पूर्व सायबेरियात खाली पर्माफ्रॉस्ट असतो, वर्षानुवर्षं गोठलेली जमीन. उन्हाळ्यात वरचा थोडा थर सुटतो तेवढ्यातच मुळांचा संसार. तिथे राज्य लार्च या झाडाचं, आणि लार्च सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सुया गाळतो. 'सूचिपर्णी म्हणजे सदाहरित' असं समीकरण तिघांच्या वहीत होतं. ते आज मोडलं. तिथल्याच वेरखोयान्स्क या गावी फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश आणि २० जून २०२० रोजी ३८ अंश नोंदले गेले. एकाच गावात १०५ अंशांहून जास्त अंतर! समुद्र दूर आहे, म्हणून जमीन चटकन तापते आणि चटकन निवते. अशा थंडीत सुईसुद्धा परवडत नाही.

३१ जुलै

पानझडी जंगल मधल्या रकान्यात अंग चोरून बसलं होतं. त्या गटाला वाटत होतं, आपल्या वाट्याला सरासरी आली. त्यांना मी पानाचा जमाखर्च करायला सांगितला. रुंद पान उन्हाळ्यात भरपूर कमावतं, पण हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठलं की तेच पान झाडाला सुकवतं. म्हणून झाड आधी हरितद्रव्य मोडतं आणि पानातला बराच नायट्रोजन परत खोडात ओढून घेतं. हिरवा रंग उतरल्यावर कॅरोटिनॉइडं ही पिवळी रंगद्रव्यं दिसू लागतात, ती पानात आधीपासूनच असतात. मेपलसारख्या काही झाडांचा लाल रंग मात्र त्याच वेळी नव्याने तयार होतो. मग देठाशी एक थर बनतो आणि पान सुटतं. दरवर्षी जमिनीला मिळणारा हा पाला सुयांपेक्षा लवकर कुजतो आणि तपकिरी, सुपीक माती देतो. याच सुपीकपणामुळे युरोपातली अशी जंगलं शेतीसाठी मोठ्या प्रमाणावर तोडली गेली.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पर्वतांच्या दिशेची. हिमयुगात बर्फ दक्षिणेकडे सरकला तशी झाडांची वस्तीही पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडे सरकत गेली. उत्तर अमेरिकेतले अॅपलेशियन पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेले, वाट मोकळी. युरोपात आल्प्स पूर्व-पश्चिम आडवे आणि त्यापुढे भूमध्य समुद्र. अनेक प्रजाती तिथे अडकल्या आणि नाहीशा झाल्या. आजही पूर्व आशियाच्या पानझडी जंगलात झाडांच्या जाती युरोपापेक्षा कितीतरी जास्त आहेत. आल्प्स उभा राहिला तो भूपट्टांच्या टकरीतून. भूपट्ट सरकले, म्हणून युरोपच्या जंगलात झाडांची विविधता कमी. एवढा लांब पल्ल्याचा 'म्हणून' तक्त्यावर दुसरा नाही.

४ ऑगस्ट

पृथ्वीगोल फिरवता फिरवता प्रश्न आला: दक्षिण गोलार्धात तैगा का नाही? मी गप्प राहिलो. गोल हातोहात फिरला आणि उत्तर त्यांनाच सापडलं. ५० ते ६५ अंश दक्षिणेला जमीन जवळजवळ नाहीच. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि काही बेटं सोडली तर नुसता समुद्र, आणि समुद्राजवळ एवढी कडक थंडी पडत नाही.

७ ऑगस्ट

'अॅमेझॉन ही पृथ्वीची फुप्फुसं, २० टक्के ऑक्सिजन तिथून मिळतो' हे वाक्य तक्त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं दिसलं. अक्षर सुंदर होतं. तरी ते उतरवलं, कारण आमच्या बरण्या त्याच्याविरुद्ध साक्ष देत आहेत. जे पान कुजतं ते कुजताना ऑक्सिजन वापरतं. झाडं श्वसनासाठीही वापरतात. वाढ पूर्ण झालेल्या जंगलाचा वर्षाचा हिशेब म्हणूनच जवळपास शून्यावर येतो. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साचला आहे. जो थोडा सेंद्रिय पदार्थ कुजायच्या आत गाळाखाली गाडला गेला, त्याच्या बदल्यात तो हवेत उरला. वर्षावनाचं खरं मोल कार्बनच्या साठ्यात आहे, पाऊस पुन्हा पुन्हा फिरवण्यात आहे, तिथल्या सजीवांत आहे. एकट्या अॅमेझॉनमध्ये झाडांच्या सुमारे १६,००० प्रजाती असल्याचा अंदाज आहे. खोट्या आकड्याची त्याला गरज नाही.

१२ ऑगस्ट

बरण्या उघडल्या. उबेतल्या ओल्या मातीतलं कापड चिमटीत उचलताच फाटलं, मध्ये मोठी भोकं, कडा विरघळल्यासारख्या. थंड कोपऱ्यातलं डागाळलेलं, काही ठिकाणी विरलेलं, पण अख्खं. फ्रिजमधलं धुऊन पाहिलं तर जवळजवळ जसं पुरलं तसंच. वाळलेल्या मातीतलंही शाबूत. ऊब असून पाणी नसेल तर कुजणं थांबतं, पाणी असून ऊब नसेल तरी थांबतं. चारही तुकडे तक्त्यावर टाचले. प्राण्यांच्या रकान्याची जागा त्यांनी घेतली आणि कुणी तक्रार केली नाही.

१६ ऑगस्ट

शेवटची मांडणी. एक मीटर लांबीच्या कागदी पट्ट्या, प्रत्येक सेंटीमीटर म्हणजे त्या जंगलातल्या कार्बनचा एक टक्का. हिरवा रंग जिवंत झाडांचा, तपकिरी मातीचा, उरलेला राखाडी मेलेल्या खोडांचा आणि पाल्याचा. २०११ सालच्या जागतिक अंदाजांनुसार वर्षावनाच्या पट्टीत ५६ सेंटीमीटर हिरवा, ३२ तपकिरी. तैगाच्या पट्टीत २० हिरवा, ६० तपकिरी. पानझडी जंगलाची पट्टी दोहोंच्या मध्ये बसते. पट्ट्या उभ्या लावल्या तेव्हा लांबूनसुद्धा दिसलं की एका जंगलाची ठेव जमिनीवर उभी आहे आणि दुसऱ्याची जमिनीखाली पुरलेली.

पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा विचारला. पावसाच्या चौकटीवर हात ठेवला. एका मुलाने पट्टी पाहिली, मातीचा रंग पाहिला, टाचलेलं कापड पाहिलं आणि सांगितलं, "दोन हजारच्या वर असणार, सर."

मग त्याच मुलाने विचारलं, "तैगाची ठेव थंडीमुळे टिकली आहे. थंडी कमी झाली तर?" पर्माफ्रॉस्ट वितळतोय आणि गोठलेले अवशेष कुजून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर येतो हे मी सांगू शकलो असतो, पुढे सांगेनही. पण साधन समोरच होतं. फ्रिजमधल्या बरणीत कापडाचा नवा तुकडा नको, तीच महिनाभर थंड राहिलेली माती आणि टाचलेला जुना तुकडा परत घालू, असं मुलांनी ठरवलं. बरणी आज दुपारी उबदार खिडकीत ठेवली. वजन वहीत लिहिलं आहे. पहिली पाहणी ३० ऑगस्टला.